टँकरमधून ॲसिड आणि कॉस्टिक उतरवायला होज कोणता घ्यावा?

अंबडचा_प्लेटर

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबडला आमचं झिंक प्लेटिंग आणि पिकलिंगचं (ॲसिडने गंज काढण्याचं) छोटं युनिट आहे. आतापर्यंत एचसीएल, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, कारबॉयमधून (मोठ्या कॅनमधून) यायचं आणि कॉस्टिकचे फ्लेक्स आणून आम्हीच विरघळवायचो. काम वाढलं म्हणून दोन टाक्या उभ्या केल्या आहेत. एक ३२ टक्के एचसीएलची, दुसरी ४८ टक्के कॉस्टिक लायची (कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाची). गळती अडवायची डाईक बांधून झाली, पंप आले, पीपीची (पॉलिप्रॉपिलीनची) लाईन टाकून झाली. राहिलाय तो टँकरपासून लाईनपर्यंतचा सहा मीटरचा होज.

तीन ठिकाणांहून कोटेशन आली. एकावर नुसतं ‘ॲसिड-अल्कली होज, २ इंच’ एवढंच लिहिलंय. दुसऱ्याने यूएचएमडब्ल्यूपीई अस्तराचा दिलाय. तिसरा म्हणतो, वर स्टेनलेसची जाळी असलेला टेफ्लॉन होज घ्या, सगळ्यात मजबूत, आयुष्यभर बघायला नको. स्वस्त आणि महाग यांत तिपटीहून जास्त फरक आहे. दोन्ही मालांना एकच होज मधे पाण्याने धुऊन वापरता येईल का? आणि स्टेनलेसची जाळी खरंच सगळ्यात सुरक्षित का? जाणकारांनी कृपया सांगावं. टँकर उतरवताना जवळ आमचीच पोरं उभी राहणार आहेत.

फिटरकाका_सातपूर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. धुऊनसुद्धा नाही. ॲसिडचा होज वेगळा, लायचा वेगळा, आणि एकाचं कपलिंग दुसऱ्याच्या जागी बसणारच नाही असं. सहा मीटरच्या दोन इंची होजमध्ये साधारण १२ लिटर माल मावतो. टँकर रिकामा झाला तरी वळणात, पोटात काही लिटर राहतोच. त्यावर दुसरा माल आला की ॲसिड-कॉस्टिकची सगळी उष्णता तिथेच, होजच्या आत निघते.

दुसरं म्हणजे टँकरवाल्याचा होज लावून घेऊ नका. ड्रायव्हर चांगला माणूस असतो, पण त्याचा होज परवा कुठल्या मालाला लागला होता हे त्यालाही सांगता येत नाही. केबिनच्या मागे तारेने बांधलेला, उन्हात तापलेला, दोन्ही टोकं उघडी. आपल्या गेटच्या आत आपलाच होज.

रसायनवाला

काकांशी पूर्ण सहमत. मटेरियलबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या एमआयडीसीत सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच दिसतो.

होजला तीन थर असतात. आतलं अस्तर, मधली कापडाची किंवा तारेची वीण आणि बाहेरचं कव्हर. रसायनाला तोंड देतं ते अस्तर, दाब पेलते ती वीण, ऊन-घासणं सोसतं ते कव्हर. दुकानदार कव्हर दाखवतो. तुम्ही अस्तराचं नाव विचारा. नाव सांगता आलं नाही तर ते कोटेशन तिथेच बाजूला ठेवा, मग त्यावर ‘ॲसिड-अल्कली’ लिहिलेलं असो की आणखी काही.

ईपीडीएम रबर कॉस्टिकला उत्तम. ॲसीटोन, एमईके या सॉल्व्हेंटनाही चालतो. पण टोल्युइन, हेक्झेन, डिझेल, तेल यांत तो फुगतो आणि मऊ पडतो. नायट्राईल बरोबर उलट, तेलाला चांगला आणि ॲसीटोनला निकामी. व्हायटॉन म्हटलं की लोकांना वाटतं सगळ्यांना चालतो. ९८ टक्के सल्फ्युरिक आणि टोल्युइन यांना तो खरोखर चांगला आहे, पण ॲसीटोन-एमईके त्याला फुगवतात, आणि तीव्र कॉस्टिक, विशेषतः गरम, त्याला झेपत नाही. म्हणजे महाग रबर घेतला म्हणून प्रश्न सुटला असं होत नाही. लायच्या होजला कुणी व्हायटॉनचं गॅस्केट बसवलं तर जास्त पैसे देऊन चुकीची वस्तू बसवली.

यूएचएमडब्ल्यूपीई म्हणजे अतिउच्च रेणुभाराचं पॉलिथिलीन. तुमच्या दोन्ही मालांना, ३२ टक्के एचसीएल आणि ४८ टक्के लाय, ते नेहमीच्या तापमानाला उत्तम चालतं. त्याची कमजोरी तापमानात आणि तीव्र ऑक्सिडायझिंग ॲसिडांत आहे. नायट्रिक ६० टक्क्यांच्या वर गेलं किंवा ओलियम (धूर सोडणारं अतितीव्र सल्फ्युरिक) आलं की सरळ पीटीएफई अस्तराकडे जा. पीटीएफई, म्हणजे आपण ज्याला टेफ्लॉन म्हणतो ते, जवळजवळ सगळ्याला टिकतं.

एचसीएलला ईपीडीएम चालतो का, यावर वेगवेगळ्या कंपन्यांच्या चार्टमध्ये एकमत नाही. अशा वेळी ज्याच्याबद्दल एकमत आहे ते अस्तर घ्यावं असं माझं मत. आणि चार्ट वाचताना वरच्या कोपऱ्यातलं तापमान बघा. बहुतेक आकडे २० अंश सेल्सिअसचे असतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सावलीत ४० होतं, आणि काँक्रीटवर दुपारभर पडलेला काळा होज त्याहून कितीतरी गरम असतो. तापमान वाढलं की रसायनाचा हल्लाही वाढतो आणि होजची दाब पेलण्याची क्षमताही उतरते. दोन्ही एकदमच.

स्टेनलेसच्या जाळीबद्दल वेगळं लिहितो, तो विषय मोठा आहे.

सिन्नर_पेंटशॉप

चांगला धागा. आमच्याकडे ॲसिड नाही, थिनर आहे. टोल्युइन बॅरलमधून मिक्सिंगच्या टाकीत घेतो. सध्या पारदर्शक पीव्हीसी नळी आहे, आत नायलॉनचा धागा असलेली. माल जाताना दिसतो म्हणून पोरांना आवडते. पण थोड्या दिवसांत पिवळी पडून लाकडासारखी कडक होते. कोणती घ्यावी?

प्राजक्ता_सेफ्टी

@सिन्नर_पेंटशॉप, दादा, ती नळी आजच बंद करा. कडक होणं ही त्यातली लहान गोष्ट आहे. टोल्युइन मऊ पीव्हीसीतलं प्लॅस्टिसायझर ओढून घेतं, म्हणून नळी कडक होते आणि क्लिपपाशी तडकते. खरा धोका स्थिर विजेचा आहे.

टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट सुमारे ४ अंश आहे. म्हणजे सिन्नरच्या थंडीतल्या पहाटेसुद्धा त्याची वाफ पेट घेण्याजोगी असते. टोल्युइन वीज फारशी वाहून नेत नाही, त्यामुळे नळीतून वाहताना त्यात विद्युतभार साठत जातो. नळी प्लास्टिकची, ना तार ना जोड, तो भार जाणार कुठे? टाकीच्या तोंडाशी एक ठिणगी पुरते.

तुम्हाला हवा तो होज सॉल्व्हेंटला चालणाऱ्या अस्तराचा आणि वीज वाहणारा. तो दोन प्रकारे मिळतो. एकात धातूची तार दोन्ही टोकांच्या फिटिंगला जोडलेली असते. दुसऱ्यात रबरच वीजवाहक असतो. युरोपच्या ईएन १२११५ मानकाचे होज असतील तर अंगावर तसा शिक्का असतो, वीजवाहक रबरासाठी ओहमचं चिन्ह. तारेच्या प्रकारात एका फिटिंगपासून दुसऱ्यापर्यंत साध्या मल्टिमीटरवर काही ओहम दिसले पाहिजेत. वीजवाहक रबराच्या प्रकारात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १० लाख ओहमच्या आत हवं, आणि ते मोजायला मेगरसारखं, मोठा विद्युतरोध मोजणारं उपकरण लागतं. बाजारात तार असलेले पुष्कळ होज मिळतात ज्यांत ती तार फिटिंगला टेकतच नाही, टोकाशी कापून आत दाबलेली असते. तो होज वीजवाहक धरायचा नाही.

अर्थिंगचा क्रम ठरलेला आहे. आधी बॅरलला आणि टाकीला अर्थिंगची क्लिप, मग होज. काढताना आधी होज, सगळ्यात शेवटी क्लिप. आणि सुरुवातीला माल हळू सोडा. भरायच्या पाईपचं टोक टाकीत बुडेपर्यंत सेकंदाला १ मीटरपेक्षा जास्त वेग नको. दोन इंची होजसाठी ते तासाला साधारण ७ हजार लिटर होतात. वरून धार सोडू नका, पाईप तळापर्यंत न्या.

हाच नियम मोठ्या टँकरलाही आहे. टोल्युइन पेट्रोलियमच्या ‘अ’ वर्गात मोडतं, साठा मोठा असेल तर पेसोचे (पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचे) नियम लागू होतात, तेही बघून घ्या.

सिन्नर_पेंटशॉप

ताई, धन्यवाद. नळी काढली. सोमवारी होजवाल्याकडे जातो. मल्टिमीटर घेऊनच जाईन.

रसायनवाला

स्टेनलेसच्या जाळीबद्दल.

एचसीएल आणि स्टेनलेस यांचं अजिबात जमत नाही. ३०४ ग्रेडचं नाही, ३१६ चं सुद्धा नाही. क्लोराईड त्याचा संरक्षक थर फोडतं आणि भोकं पाडतं. आता दुकानदार म्हणेल, जाळी बाहेर आहे, आत टेफ्लॉन आहे, माल जाळीला लागतच नाही. हे पूर्ण खरं नाही. टेफ्लॉनमधून वायूचे रेणू हळूहळू झिरपतात. एचसीएलची वाफ अस्तरातून पार होऊन जाळीच्या आतल्या बाजूला पोचते, तिथे हवेतला ओलावा मिळतो आणि जाळी आतून कुजू लागते. बाहेरून ती चकचकीतच दिसते. म्हणजे दाब पेलणारा थरच तुम्हाला न दिसता खलास होतो.

याचं जगजाहीर उदाहरण अमेरिकेतलं आहे. १४ ऑगस्ट २००२ रोजी मिझुरी राज्यातल्या फेस्टस गावी डीपीसी एंटरप्रायझेसच्या कारखान्यात रेल्वे वॅगनमधून क्लोरीन उतरवताना होज फुटला आणि ४८ हजार पौंड, म्हणजे जवळपास २२ टन क्लोरीन हवेत गेलं. तपासात निघालं की टेफ्लॉनच्या अस्तरावरची जाळी हॅस्टेलॉय सी-२७६ या निकेलच्या मिश्रधातूची हवी होती आणि प्रत्यक्षात ३१६ एल स्टेनलेसची बसवलेली होती. दोन्ही जाळ्या शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक कळत नाही. कागद होता हॅस्टेलॉयचा, माल होता स्टेनलेसचा.

म्हणून मी जाळी किंवा फिटिंग कुठल्या धातूचं आहे हे नुसत्या प्रमाणपत्रावर मानत नाही. धातूची ओळख पटवणारं पीएमआय यंत्र टेस्टिंग लॅबकडे मिळतं, एक फिटिंग तपासायला मिनिटसुद्धा लागत नाही. नुसतं ३०४ की ३१६ एवढंच बघायचं असेल तर मॉलिब्डेनमचं थेंब टाकायचं किट पुरतं.

@अंबडचा_प्लेटर, तुमचा तिसरा पर्याय तुमच्या कामासाठी सगळ्यात महाग आणि सगळ्यात अयोग्य आहे.

परचेसवाला_एमआयडीसी

सगळं मान्य, पण जरा व्यवहाराचं बोलतो. मी वीस-पंचवीस युनिटांची खरेदी जवळून बघितली आहे. छोट्या कारखानदाराला भारी होज परवडत नाही, आणि भारी घेतला की तो ‘महागाचा आहे’ म्हणून बदलत नाहीत, सात-सात वर्षं ओढतात. त्यापेक्षा साधा घ्यावा आणि दर सहा महिन्यांनी फेकावा. नवा होज हा जुन्या भारी होजपेक्षा सुरक्षित.

फिटरकाका_सातपूर

परचेस साहेब, तुमच्या अर्ध्या म्हणण्याशी मी सहमत आहे. ओढत बसण्याची सवय फार वाईट, आणि महाग होजला ती जास्त लागते हे खरं. पण ‘साधा’ म्हणजे काय ते ठरवा. अस्तर मालाला योग्य, वीण दाबाला पुरेशी, फिटिंग दाबून बसवलेलं, आणि वर साधं कव्हर, कमी नामांकित कंपनी, असा साधा असेल तर माझी हरकत नाही. अस्तरच चुकीचं असेल तर सहा महिने कशाला, सहा तासही नकोत. मऊ पीव्हीसीच्या नळीतून ९८ टक्के सल्फ्युरिक सोडलं तर ती काळी पडून चिरते, ती नवी होती का जुनी हे मग कोण विचारतो.

आणि टोकांवर एक पैसाही वाचवू नका. माझ्या अनुभवात होज मधोमध फुटल्याचं क्वचित बघितलं. निसटतो तो टोकाला. जुबली क्लिप पाण्याच्या नळीला ठीक. केमिकलला फेरूल (टोकावरची धातूची बांगडी) प्रेसवर दाबून बसवलेलं हवं किंवा बोल्टवाले सेफ्टी क्लॅम्प. बाइंडिंगची तार गुंडाळलेली दिसली तर काम तिथेच थांबवा. कॅमलॉकचे (कान दाबून झटपट जोडायच्या कपलिंगचे) कान खाली पाडल्यावर त्यांत पिना घाला, दाबाखाली होज हलला की कान आपोआप उठतात.

कॅमलॉकचा धातू मालानुसार. एचसीएलला पीपीचा. लायला ॲल्युमिनियमचा कधीच नाही! बाजारात सगळ्यात स्वस्त तोच मिळतो आणि कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं, खाताना हायड्रोजन सोडतं. लायला स्टेनलेस चालेल, पीपी चालेल. पीपीच्या कॅमलॉकचा दाब धातूच्या मानाने कमी असतो आणि उन्हात तो आणखी उतरतो, म्हणून अख्ख्या जोडणीचा दाब कॅमलॉकच्या आकड्यावर ठरवायचा, होजच्या नाही.

अंबडचा_प्लेटर

काका, दाबाचा विषय काढलात म्हणून विचारतो. सप्लायर म्हणतो टँकर हवेने खाली करू, दोन किलो प्रेशर (साधारण २ बार) लावलं की अर्ध्या तासात मोकळा. होजवर १६ बार लिहिलंय, मग दोन किलोला काय होणार?

फिटरकाका_सातपूर

होजला काही होणार नाही, भीती तुमच्या टाकीची आहे. माल संपतो त्या क्षणी टँकरमधली दाबलेली हवा मोकळी सुटते. होज एकदम हलका होऊन झटका मारतो, आणि ती सगळी हवा तुमच्या टाकीत शिरते. पीपी-एफआरपीची (बाहेरून फायबरग्लास चढवलेली पीपीची) टाकी दाबासाठी बनवलेलीच नसते. हवा सुटायचा व्हेंट लहान असला किंवा वाफ धुणाऱ्या स्क्रबरची लाईन पाण्याने अडली असली की झाकण उडतं, तळाची शिवण फाटते.

पंप आहे ना तुमच्याकडे? मग खालच्या आउटलेटमधून पंपाने ओढा. पण मग होज सक्शनचा लागेल, आत तारेचं किंवा प्लास्टिकचं स्प्रिंग असलेला. नुसता डिलिव्हरीचा होज पंपाच्या ओढीने चपटा होतो.

प्राजक्ता_सेफ्टी

१६ बारबद्दल थोडी भर घालते. ईएन १२११५ मध्ये फुटण्याचा दाब कामाच्या दाबाच्या किमान चौपट लागतो, म्हणजे १६ बारचा होज ६४ बारच्या आत फुटता कामा नये. ही चौपट ‘वापरायची’ नसते. पंप अचानक बंद होणं, व्हॉल्व्ह झटकन आवळणं, ऊन, वय, हे सगळं त्यातून वजा होतं.

कपलिंग वेगळी ठेवण्याबद्दल काकांनी सुरुवातीलाच लिहिलं, ते किती महत्त्वाचं आहे ते सांगते. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी कॅन्सस राज्यातल्या ॲचिसनमध्ये एमजीपी इन्ग्रेडियंट्सच्या कारखान्यात सल्फ्युरिकचा टँकर चुकून सोडियम हायपोक्लोराईटच्या टाकीला जोडला गेला. क्लोरीनचा ढग गावावर गेला आणि सुमारे १४० लोकांना वैद्यकीय मदत घ्यावी लागली. तपासात काय सापडलं? भरायचे पाईप अगदी शेजारी-शेजारी, कपलिंग सारखीच, पाईपवर ठळक नावं नाहीत, आणि जे कुलूप लावलेलं असायला हवं होतं ते उघडं. होज चांगला होता, जोडला चुकीच्या जागी.

म्हणून @अंबडचा_प्लेटर, ॲसिडला अडीच इंची आणि लायला दोन इंची असा आकारच वेगळा ठेवा, किंवा एकाला कॅमलॉक आणि दुसऱ्याला फ्लँज. दोन्ही भरण्याच्या जागा टाक्यांच्या दोन बाजूंना न्या. पाईपच्या तोंडाशी मराठीत आणि हिंदीत मालाचं नाव, टक्केवारीसह. टँकर कुठूनही येतो, ड्रायव्हरला इंग्रजी पाटी वाचता येईलच असं नाही. प्रत्येकाला झाकण आणि कुलूप, आणि किल्ली शिफ्टच्या सुपरवायझरकडे. कुलूप उघडताना त्याने टँकरची कागदं स्वतः वाचलेली असावीत.

शॉवर आणि आयवॉश होजच्या जागेपासून दहा सेकंदांच्या अंतरात हवेत, वाटेत बॅरल नको. डोळ्यात गेलं तर किमान पंधरा मिनिटं पाणी.

निफाडकर

मी शेतकरी, पण लायचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझा भाऊ गोंद्याच्या एका कारखान्यात युटिलिटी विभागात आहे. तो सांगतो की डिसेंबर-जानेवारीत त्यांची लायची लाईन सकाळी जाम होते. आमच्या निफाडला तर पारा पाच-सहावर येतो. असं कशामुळे होतं, आणि होजचं काय करायचं?

रसायनवाला

भाऊ बरोबर सांगतात. ५० टक्के कॉस्टिक साधारण १२ अंशांच्या खाली गोठू लागतं. नाशिकच्या थंडीत किमान तापमान दहाच्या खाली सहज जातं, त्यामुळे रात्रभर होजमध्ये राहिलेली लाय सकाळी खडीसाखरेसारखी घट्ट झालेली असते. मग कुणीतरी वाफेची नळी लावतं किंवा होज दगडावर आपटतं. दोन्ही घातक. यूएचएमडब्ल्यूपीईला जास्त वेळ वाफ दिली की अस्तर सुटतं. एक बाजू बंद असताना मधला गोळा अचानक सुटला तर गरम लाय अंगावर येते. होज आपटला की आत जिथे अस्तर चिरतं तिथूनच पुढे गळतो.

उपाय आदल्या संध्याकाळी करायचा. लाय उतरली की होज उताराला लावून रिकामा करायचा, कोमट पाण्याने धुवायचा, धुणं ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रियेच्या) टाकीत घ्यायचं, टोकांना झाकणं. थंडीत टँकर पहाटे न बोलावता दुपारी बोलवा.

धुण्याचा हा नियम सल्फ्युरिकला मात्र जसाच्या तसा लावू नका. ९८ टक्के सल्फ्युरिक साध्या लोखंडाला फारसं खात नाही, म्हणून तर त्याचे टँकर साध्या स्टीलचे असतात. पण त्यात थोडं पाणी मिसळलं की तेच ॲसिड लोखंड झपाट्याने खातं, शिवाय पाणी पडताक्षणी उकळी फुटते. होज आधी पूर्ण निथळू द्या, आणि मग धुवायचाच असेल तर भरपूर पाण्याने, एका दमात. आणि पावसाळ्यात उघड्या टोकातून पाणी आत गेलं तर हेच होतं, म्हणून झाकणं.

हायपो किंवा हायड्रोजन पेरॉक्साईड वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. हे दोन्ही माल स्वतःहून ऑक्सिजन सोडतात, गंज किंवा तांबे-निकेलचा अंश लागला तर फारच वेगाने. दोन बंद व्हॉल्व्हच्या मधे भरलेला होज सोडून जेवायला गेलं तर परत येईपर्यंत दाब वाढून तो फुटू शकतो. एक बाजू नेहमी सुरक्षित जागी मोकळी हवी.

निफाडकर

धन्यवाद सर. आता माझा स्वतःचा प्रश्न. द्राक्षाच्या ड्रिपमधला क्षार काढायला आम्ही ॲसिड सोडतो, कधी फॉस्फरिक, कधी एचसीएल. कॅनमधून टाकीत काढायला फवारणीचाच पिवळा पाईप वापरतात सगळे. चालतो ना?

प्राजक्ता_सेफ्टी

नका वापरू, दादा. फवारणीचा पाईप पाण्यात मिसळलेल्या औषधासाठी आहे, तीव्र ॲसिडसाठी नाही. त्याची पितळी टोकं ॲसिड खातं. कॅनमधून काढायला पॉलिथिलीनचा हातपंप मिळतो, तो ॲसिडपुरता वेगळा ठेवा. मिसळताना आधी पाणी, त्यात हळूहळू ॲसिड. चष्मा आणि रबरी हातमोजे घाला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ड्रिपला ब्लीचिंग किंवा क्लोरीन सोडता, तीच नळी आणि तीच टाकी ॲसिडला कधीही नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, आणि शेतातल्या पंपाच्या खोलीत पळायला जागा नसते.

अंबडचा_प्लेटर

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं वाचून ऑर्डरचा मजकूर तयार केलाय, जरा बघा:

‘होज क्रमांक १. माल हायड्रोक्लोरिक ॲसिड ३२ टक्के, तापमान ५ ते ५० अंश. अस्तर यूएचएमडब्ल्यूपीई, स्प्रिंगसह, सक्शन आणि डिलिव्हरी दोन्हीसाठी. आतला व्यास अडीच इंच, लांबी ६ मीटर. कामाचा दाब १० बार. दोन्ही टोकांना पीपी कॅमलॉक, फेरूल दाबून. होज क्रमांक २. माल कॉस्टिक लाय ४८ टक्के, व्यास २ इंच, टोकांना स्टेनलेस ३१६ फ्लँज, गॅस्केट ईपीडीएम, बाकी क्रमांक १ प्रमाणे. प्रत्येक होजला वेगळा क्रमांक, उत्पादनाची तारीख, पाण्याने दाब-चाचणी केल्याचं त्या क्रमांकाचं प्रमाणपत्र.’

फिटरकाका_सातपूर

उत्तम लिहिलंय. चार दुरुस्त्या. एचसीएलच्या कॅमलॉकचं गॅस्केट लिहायचं राहिलं, नाहीतर दुकानदार हाताला येईल ते नायट्राईलचं बसवेल. १० बार ही होजची क्षमता झाली, पीपी कॅमलॉकला ५० अंशांना किती बार चालतात ते लेखी मागा आणि टॅगवर तोच आकडा टाका. फेरूलच्या खाली होजच्या आत जाणारा तुकडा कशाचा आहे तेही लिहून घ्या. बाहेर पीपी आणि आत स्टेनलेसची नळी असं मी बघितलंय, एचसीएल आधी तीच खातं. आणि लांबी पुन्हा मोजा. टँकरचा आउटलेट कधी डावीकडे, कधी मागे असतो. होज ताणून लावला की सगळा भार कपलिंगवर येतो. भरलेला होज जड असतो, मधे टेकू द्या, कपलिंगजवळ एकदम वाकवू नका.

दर टँकरच्या आधी पूर्ण होज हाताखालून आणि नजरेखालून घाला. फुगा, मऊ जागा, चीर, उघडी पडलेली वीण, फेरूलपाशी ओल. टॉर्च लावून आत बघा, अस्तर सुटलेलं कळतं. एकही खूण दिसली तर टँकर उभा राहू द्या. वर्षातून एकदा कामाच्या दीडपट दाबाने चाचणी, पाण्याने. हवेने चाचणी कधीच नाही, फुटला तर माणूस जातो. ठेवायला खिळा नको, अर्धगोल लाकडी खोगीर करा, सावलीत. वेल्डिंगच्या जागेपासून लांब ठेवा, तिथल्या ओझोनने रबराला बारीक चिरा पडतात.

अंबडचा_प्लेटर

दुरुस्त्या करून तिन्ही दुकानदारांना पाठवलं. ‘ॲसिड-अल्कली’वाल्याने फोन करून सांगितलं की अस्तर लिहून देता येणार नाही. त्याचं नाव काढलं. गोंद्याकडच्या एकाने प्रत्येक ओळीपुढे उत्तर लिहून पाठवलंय, गॅस्केट आणि आतल्या तुकड्यासकट, आणि चाचणीच्या वेळी बघायला बोलावलंय.

निफाडकर

एक राहिलं. सातपूरच्या भंगारात केमिकलचे जुने होज चांगल्या भावात मिळतात, आमच्याकडे विहिरीवर बरेच लोक वापरतात. धुऊन चालतात का?

रसायनवाला

नाही, दादा. रबर आणि प्लास्टिकमध्ये माल मुरलेला असतो, धुऊन निघत नाही, आणि त्या होजमधून काय काय गेलंय हे भंगारवाल्याला माहीत नसतं. ते पाणी पिकाला जातं, जनावरं पितात.

आणि ही अडवायची जागा कारखान्याची आहे. @अंबडचा_प्लेटर, होज बाद केला की निथळून, धुऊन त्याच दिवशी अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे करा, दोन्ही फिटिंग कापून काढा, रजिस्टरमध्ये त्या क्रमांकापुढे तारीख टाका आणि घातक कचऱ्याच्या नोंदीत घालून परवानाधारकाकडेच द्या. अख्खा होज गेटबाहेर जाऊ देऊ नका.